प्रकल्प करायचाय, पण त्यात स्पॅनिश उरायला हवं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये तुम्ही स्पॅनिश शिकलात आणि आता न्यू जर्सीतल्या एका एलिमेंटरी शाळेत तिसरी ते पाचवीच्या मुलांना ते शिकवताय. आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास. रंग, आकडे, वार, प्राणी झाले की पुढच्या वर्षी पुन्हा तेच. तिसरीच्या वर्गशिक्षिकेनं विज्ञानाचा प्रकल्प मिळून करू म्हटलंय आणि तुम्हालाही तो करायचाय. पण गेल्या वर्षी तुम्ही संस्कृतीचा प्रकल्प घेतलात तेव्हा मुलांनी सुंदर पोस्टर्स केली आणि तो सगळा वेळ ती इंग्रजीत बोलली. तर प्रकल्पात स्पॅनिश टिकवायचं कसं, आणि प्रकल्प निवडायचे कोणते?

मी याच राज्यात, याच वयाच्या मुलांना बरीच वर्षं स्पॅनिश शिकवते आहे, आणि प्रकल्पांवर माझा पूर्ण विश्वास आहे. पण प्रकल्पाची आखणी पोस्टरपासून सुरू झाली की भाषा हमखास निसटते. आखणी वाक्यांपासून करायची. प्रकल्प संपेल तेव्हा प्रत्येक मूल कोणती सहा-सात वाक्यं न अडखळता, खरं काहीतरी सांगण्यासाठी बोलेल, हे आधी वहीत लिहा. मग ती वाक्यं पुन:पुन्हा बोलायला लावणारं काम शोधा. कागद, कात्री आणि गोंद यांचा नंबर सगळ्यात शेवटी.

हिशेब करून बघा. इथे शाळेचं वर्ष १८० दिवसांचं, म्हणजे ३६ आठवडे. आठवड्याला एक तास धरला तर वर्षाला ३६ तास, आणि त्यातून सुट्ट्या, बर्फ, परीक्षा, फायर ड्रिल वजा करायच्या. त्यातले चार तास चिकटवण्यात गेले तर ते परत मिळत नाहीत. अमेरिकेतल्या भाषाशिक्षकांची संस्था, आक्टफल, वर्गातला ९० टक्के किंवा अधिक वेळ शिकवायच्या भाषेतच जावा असं सुचवते. आठ वर्षांच्या मुलांबरोबर ते जमतं, पण त्यासाठी काम असं हवं की हातातली वस्तू, चित्र, तक्ता आणि तुमचे हातवारे यांतूनच अर्थ उलगडेल. इथे विज्ञान फार उपयोगी पडतं. प्रयोग डोळ्यांसमोर घडत असतो, तो भाषांतर करून सांगावा लागत नाही. पाणी निळं झालं की निळं झालं.

संस्कृती आणि विज्ञान यांना ओढूनताणून एकत्र आणू नका, हेही सांगते. ज्वालामुखीचं मॉडेल करून त्यावर मेक्सिकोचा झेंडा टोचला, तर त्यात ना धड विज्ञान ना संस्कृती. स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत अशा कितीतरी गोष्टी आहेत ज्यांच्या आत विज्ञान आधीपासून आहे, कारण लोकांनी शतकानुशतकं निरीक्षण करून त्या घडवल्यात. अशीच एखादी गोष्ट निवडा.

तुमच्या तिसरीसाठी मी बिनदिक्कत मोनार्क फुलपाखरू घेईन. न्यू जर्सीनं २०१४ मध्ये स्वीकारलेल्या विज्ञानाच्या मानकांत तिसरीला सजीवांचं जीवनचक्र आहेच, त्यामुळे वर्गशिक्षिकेचा अभ्यासक्रमही पुढे सरकतो. शिवाय हा विषय तुमच्या अंगणातला आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ही फुलपाखरं न्यू जर्सीवरून दक्षिणेला जातात. राज्याच्या टोकाला केप मे इथे त्यांची दरवर्षी नोंद होते, काहींच्या पंखांवर छोटे टॅगही लावतात. तिथून ती मेक्सिकोला पोचतात, मिचोआकान आणि एस्तादो दे मेहिको या राज्यांच्या सीमेवरच्या डोंगरांत, साधारण ३००० मीटर उंचीवरच्या ओयामेल नावाच्या फर वृक्षांच्या जंगलात. २००८ पासून हे जंगल युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. उन्हाळ्यातलं मोनार्क दोन ते सहा आठवडे जगतं. पण शरद ऋतूत प्रवासाला निघणारी पिढी आठ-नऊ महिने जगते, आणि तिच्यातलं कुणीही पूर्वी मेक्सिको पाहिलेलं नसतं. मुलांना हे कळतं तेव्हा वर्गात जी शांतता होते, ती मला फार आवडते. पुढचे सहा आठवडे मुलं त्या कुतूहलावर काम करतात.

आता वाक्यं. माझी यादी साधारण अशी असते: 'यो वेओ उना ओरुगा', मला सुरवंट दिसतोय. 'ला ओरुगा कोमे अल्गोदोन्सियो', सुरवंट मिल्कवीड (रुईसारखं चिकाचं रोप) खातो. 'मिदे दोस सेंतीमेत्रोस', त्याची लांबी दोन सेंटिमीटर आहे. 'ला मारिपोसा नेसेसिता फ्लोरेस', फुलपाखराला फुलं लागतात. 'वुएला आ मेहिको', ते मेक्सिकोला उडत जातं. 'आसे फ्रिओ', थंडी आहे. आणि तुलनेसाठी दोनच शब्द: 'आय मास', जास्त आहेत, 'आय मेनोस', कमी आहेत. सगळी वर्तमानकाळातली, सगळी एका क्रियापदाची. तिसरीतलं मूल यापेक्षा लांब वाक्य पाठ करून म्हणेल, पण ते त्याचं स्वतःचं होणार नाही.

यातलं 'मिदे' हे वाक्य सगळ्यात जास्त काम करतं. मोनार्कचा सुरवंट अंड्यातून बाहेर येतो तेव्हा दोन-तीन मिलिमीटरचा असतो आणि दोन आठवड्यांत चार-साडेचार सेंटिमीटरचा होतो. वर्गशिक्षिकेला विनंती करा की सकाळच्या हजेरीनंतर रोज दोन मुलांनी तो मोजावा आणि तक्त्यावर स्पॅनिशमध्ये लिहावं. म्हणजे तुमचा तास नसलेल्या दिवशीही वर्गात एक स्पॅनिश वाक्य बोललं जातं, आणि खरी माहिती सांगण्यासाठी बोललं जातं. तुम्ही आत आल्यावर विचारायचं, 'क्वांतो मिदे ओय?', आज लांबी किती? अख्खा वर्ग उत्तर देतो, कारण अख्ख्या वर्गाला ते जाणून घ्यायचं असतं. आकडे शिकवण्यासाठी याहून चांगला तास मला माहीत नाही.

काळजी दोन गोष्टींची घ्या. सुरवंट विकत मागवू नका. शाळेजवळच्या मिल्कवीडवर सापडलेलं एखादं अंडं किंवा सुरवंट पुरे, आणि त्याआधी तुमच्या शाळेचे आणि राज्याचे नियम विचारून घ्या. या फुलपाखरांची संख्या घटली आहे आणि त्यांच्या संरक्षणाचे नियम बदलत असतात. सापडलंच नाही, तर रोपावरच जाऊन निरीक्षण करा. दुसरं, मिल्कवीडचा चीक डोळ्यात गेला तर बराच त्रास होतो, म्हणून हात धुतल्याशिवाय कुणी डोळे चोळायचे नाहीत. आपल्याकडच्या रुईचं हेच. रुई मिल्कवीडच्याच कुळातली, आणि तिच्यावर वाढणारं प्लेन टायगर फुलपाखरू मोनार्कच्याच प्रजातीगटातलं. पुण्यातल्या कुठल्याही मोकळ्या जागेत रुईच्या पानाखाली त्याचे पट्टेदार सुरवंट दिसतात. भाच्याला किंवा पुतणीला सांगून फोटो मागवा. 'एन ला इंदिआ' असं म्हणून तो फोटो दाखवला की मुलं लगेच दोन सुरवंटांची तुलना करायला लागतात: 'तिएने आमारियो', 'तिएने नेग्रो', याच्या अंगावर पिवळा, काळा.

संख्येचा भाग पाचवीला द्या, तिथे तो खुलतो. मेक्सिकोत फुलपाखरं एकेक करून मोजता येत नाहीत, इतकी ती झाडांना लगडलेली असतात. म्हणून ती किती हेक्टर जंगलात पसरली आहेत ते दर हिवाळ्यात मोजतात. १९९६-९७ च्या हिवाळ्यात १८.१९ हेक्टर. २०१३-१४ मध्ये ०.६७. २०२३-२४ मध्ये ०.९०. २०२४-२५ मध्ये १.७९. हिरव्या कागदाचा एक चौकोन म्हणजे एक हेक्टर असं ठरवून मुलांना हे चार हिवाळे भिंतीवर मांडू द्या. पहिल्याला अठरा चौकोन लागतात, दुसऱ्याला एक चौकोन कापून लहान करावा लागतो. 'आय मेनोस' हे दोन शब्द त्या भिंतीसमोर उभं राहून मूल जेव्हा म्हणतं, तेव्हा ते काय म्हणतंय हे त्याला पुरतं कळलेलं असतं. जंगलतोड, अमेरिकेतल्या शेतांतून नाहीसं होणारं मिल्कवीड, हवामान, ही कारणं वर्गशिक्षिका इंग्रजीत समजावू देत. तो त्यांचा तास आहे.

आता संस्कृतीकडे. शास्त्रज्ञांना ही हिवाळी जागा १९७५ च्या सुरुवातीला कळली. कॅनडातले प्राणिशास्त्रज्ञ फ्रेड उर्क्हार्ट अनेक वर्षं तिचा शोध घेत होते, आणि प्रत्यक्ष डोंगरात पोचले ते केन ब्रुगर आणि मिचोआकानमध्येच जन्मलेल्या कातालिना आग्वादो. डोंगरातल्या गावकऱ्यांना मात्र ही फुलपाखरं पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती. ती नोव्हेंबरच्या सुरुवातीला येतात, म्हणजे १ आणि २ नोव्हेंबरच्या 'दिआ दे मुएर्तोस'च्या, मृतांच्या दिवसाच्या, सुमारास, आणि तिथल्या अनेक घरांत ती परत आलेल्या पूर्वजांचे जीव मानली जातात. 'शोध कुणी लावला?' हा प्रश्न पाचवीच्या मुलांपुढे ठेवा. ती उत्तरं देतील इंग्रजीत, आणि त्या दहा मिनिटांपुरतं ते चालू द्या. पण नावं स्पॅनिश उच्चारांत म्हणायला लावा, आणि आग्वादो यांचं नाव वगळू नका. ब्रुगर यांचं नाव येतं तिथे त्यांचंही यायला हवं.

दिआ दे मुएर्तोसबद्दल माझं मत ठाम आहे. तो सण हॅलोवीनचा मेक्सिकन भाऊ म्हणून शिकवू नका आणि कवटीचे मुखवटे रंगवून संपवू नका. घरातल्या गेलेल्या माणसांची आठवण काढण्याचा, त्यांच्या आवडीचं जेवण मांडण्याचा तो दिवस आहे. पितृपंधरवड्यात पान वाढलेलं आपण लहानपणापासून पाहिलेलं असतं, त्यामुळे तुम्हाला त्यातली माया समजायला वेळ लागणार नाही. वर्गात ओफ्रेंदा, म्हणजे गेलेल्यांसाठी फुलं आणि जेवण ठेवून केलेली मांडणी, करायची असेल तर आधी मेक्सिकन कुटुंबातल्या पालकांशी बोला. कुणा मुलाच्या घरी नुकतंच कुणी गेलं असेल तर ते आधी माहीत हवं. मी स्वतः ओफ्रेंदा मांडण्यापेक्षा त्यावरचं फूल हातात देते. सेंपासुचिल, म्हणजे आपला झेंडू. दसऱ्याच्या तोरणातलं हे फूल मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचं. न्यू जर्सीत ऑक्टोबरपर्यंत कुठल्याही नर्सरीत मिळतं, आणि एडिसनसारख्या गावात दिवाळीच्या निमित्तानं तर ढिगानं. प्रत्येक दोघांत एक फूल द्या आणि उलगडायला सांगा. एक फूल वाटतं ते खरं तर शेकडो छोट्या फुलांचा गुच्छ असतो, आणि ज्याला आपण पाकळी म्हणतो तिच्या बुडाशी तिचं स्वतःचं बी. 'तिएने मुचास सेमियास', याला खूप बिया आहेत. मोजा, ओळीत मांडा, लिहा. अर्ध्या तासात विज्ञान, सण आणि आकडे तिन्ही झाले. वर्गातली भारतीय मुलं आपल्या घरचं तोरण आठवून बोलायला लागली तर त्यांना थांबवू नका. 'एन मि कासा', माझ्या घरी, एवढी सुरुवात शिकवा, पुढचं ती जुळवतात.

पाचवीसाठी माझा आवडता प्रयोग चिचा मोरादाचा. पेरूमध्ये जांभळ्या मक्यापासून, माइस मोरादोपासून, हे पेय करतात. मक्याची कणसं अननसाची सालं, दालचिनी, लवंग घालून उकळायची, गाळून थंड करायचं, मग साखर आणि लिंबू. लिंबू पिळताच जांभळा रंग लालसर होतो. पेरूतल्या कुठल्याही घरात मुलांनी हे पाहिलेलं असतं, आणि रसायनशास्त्रातला निर्देशक, म्हणजे रंग बदलून आम्ल की अल्कली ते दाखवणारा पदार्थ, शिकवायला यापेक्षा सोपं साधन नाही. मक्यातलं अँथोसायनिन हे रंगद्रव्य आम्लात लाल होतं, अल्कलीत निळं-हिरवट. पॅटरसनमध्ये पेरूच्या लोकांची मोठी वस्ती आहे, तिथल्या दुकानांत वाळलेली जांभळी कणसं पिशवीत मिळतात. इतर गावांतल्या लॅटिनो किराणा दुकानांतही बहुधा मिळतील.

वर्गात फक्त मका उकळलेलं पाणी आणा, मसाले नकोत. प्रत्येक गटाला चार पारदर्शक कप. एकात काहीच नाही, एकात लिंबू, एकात व्हिनेगर, एकात खाण्याचा सोडा. आधी अंदाज: 'यो क्रेओ के काम्बिया' किंवा 'यो क्रेओ के नो काम्बिया', बदलेल किंवा बदलणार नाही. प्रत्येकानं उभं राहून म्हटल्याशिवाय ड्रॉपर हातात द्यायचा नाही. हा नियम काटेकोर पाळा. ड्रॉपर हवा म्हणून मूल वाक्य म्हणतं, आणि चौथ्या कपाला येईपर्यंत ते वाक्य तोंडात बसलेलं असतं. मग 'काम्बिया आ रोसादो', 'काम्बिया आ असुल', 'काम्बिया आ वेर्दे', गुलाबी होतं, निळं होतं, हिरवं होतं. मुलं पहिलीपासून रंगांची नावं घोकत असतात, आणि इथे पहिल्यांदा त्या नावांवाचून अडतं. दोन गटांना वेगळा रंग दिसला तर सोन्याहून पिवळं. 'एस असुल!', 'नो, एस वेर्दे!' असा वाद स्पॅनिशमध्ये झडतो, आणि तो तुम्हाला मिटवायचा नाही. मग विचारा, कुणी किती सोडा घातला? 'मुचो' की 'पोको', जास्त की थोडा?

प्रयोगातला कप कुणी तोंडाला लावायचा नाही. पिण्यासाठीचं चिचा वेगळं, घरी केलेलं, शाळेची परवानगी आणि अ‍ॅलर्जीचे फॉर्म पाहूनच. जमत नसेल तर पेय वगळा, प्रयोगाचं त्यावाचून काही अडत नाही.

वर्षभर चालणारं एखादं काम हवं असेल तर सावली. मैदानात एक मीटरची काठी उभी करा आणि महिन्यातून एकदा, सूर्य सगळ्यात वर असताना, सावली मोजा. डेलाइट सेव्हिंग चालू असताना, म्हणजे घड्याळं एक तास पुढे असताना, ती वेळ एकच्या सुमारास येते. आपण ४०.५ अक्षांशावर आहोत, म्हणून २१ मार्चच्या आसपास सावली साधारण ८५ सेंटिमीटर भरते, डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दोन मीटरच्याही पुढे जाते आणि जूनमध्ये तीसेक सेंटिमीटरवर येते. एक्वादोरची राजधानी कितो विषुववृत्ताला जवळजवळ टेकून आहे, तिथे मार्च आणि सप्टेंबरमध्ये भर दुपारी काठीला सावलीच नसते. देशाचं नावच विषुववृत्तावरून आलंय. 'एन न्युएवा जर्सी ला सोम्ब्रा मिदे ओचेंता इ सिंको. एन कितो, सेरो.' न्यू जर्सीत सावली पंच्याऐंशी, कितोत शून्य. पुण्या-मुंबईत मे महिन्यात आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस शून्य सावलीचा दिवस येतो, त्या दिवशी तिथल्या कुणाकडून फोटो मागवता आला तर मुलांना तिसरं ठिकाण मिळतं. भाषेच्या दृष्टीनं या कामाची खुबी अशी की वाक्य दर महिन्याला तेच, आकडा मात्र नवा. मुलाला वाक्याचा विचार करावाच लागत नाही, ते आकड्याकडे बघत असतं, आणि भाषा मुरते ती अशीच.

आणखी दोन थोडक्यात. बोलिव्हिया आणि पेरूच्या पठारावरचं चुन्यो: रात्रीच्या कडाक्याच्या थंडीत बटाटे गोठवायचे, दिवसा उन्हात ठेवायचे, पायानं तुडवून पाणी काढायचं आणि वाळवायचे, असे बटाटे वर्षानुवर्षं टिकतात. आपल्या उन्हाळ्यातल्या वाळवणांसारखंच, फक्त तिथे उन्हाच्या जोडीला गारठा. वर्गात १०० ग्रॅम चकत्या फ्रीझरमध्ये ठेवा, वितळवा, दाबून पाणी काढा, वाळवा आणि दर वेळी वजन करा. बटाट्यात पाचातले चार भाग पाणीच असल्यामुळे वजन बघता बघता उतरतं. इथे एक युक्ती सांगते. मुलांना भूतकाळ येत नाही, म्हणून वार वापरा: 'लुनेस, पेसा सिएन ग्रामोस. वियेर्नेस, पेसा त्रेइंता.' सोमवारी इतकं, शुक्रवारी इतकं. व्याकरण न वाढवता बदलाची गोष्ट सांगता येते. दुसरं, स्पेनच्या कॅनरी बेटांतल्या ला गोमेरावरची शिट्टीची भाषा, सिल्बो गोमेरो. खोल दऱ्यांच्या पलीकडे हाक पोचावी म्हणून लोक स्पॅनिश शिट्टीतून बोलतात. बेटावरच्या शाळांत ती शिकवतात, आणि २००९ मध्ये युनेस्कोनं तिची अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली. चौथीत ध्वनी आणि लहरी असतात, तिथे ती चपखल बसते.

तुमच्या मूळ प्रश्नातली खरी अडचण अशी आहे की मुलांचं कुतूहल त्यांच्या स्पॅनिशपेक्षा फार मोठं असतं. 'फुलपाखरांना रस्ता कसा कळतो?' हा प्रश्न मूल स्पॅनिशमध्ये विचारू शकत नाही, आणि तो गिळून टाकायला लावणं मला पटत नाही. मी वर्गाच्या दाराजवळ एक मोठा कागद लावते. असा प्रश्न आला की मूल तिथे जाऊन इंग्रजीत लिहितं आणि परत येतं. तो कागद वर्गशिक्षिकेकडे जातो आणि त्यांच्या विज्ञानाच्या तासाची सुरुवात तिथून होते. तुमच्या दोघींत वाटणी स्पष्ट असू द्या: निरीक्षण, मोजमाप, अंदाज आणि नोंद तुमच्याकडे, स्पॅनिशमध्ये, 'का' आणि 'कसं' त्यांच्याकडे. कापाकापी, रंगकाम आणि पोस्टरची सजावटही त्यांच्या तासाला किंवा चित्रकलेच्या तासाला. हे पहिल्या बैठकीतच मागून घ्या, संकोच करू नका.

घरी स्पॅनिश बोलणारी मुलं तुमच्या वर्गात असणारच. रंगांच्या नावांच्या तासाला ती कंटाळतात, आणि दिवसभर भाषांतर करायला लावलं तर थकतात. प्रकल्पात त्यांना खरं काम द्या. आजीला फोन करून विचारा, तुमच्या गावी मका कसा खातात, त्याला काय म्हणतात? मेक्सिकोचं मूल एलोते घेऊन येईल, पेरूचं चोक्लो, कोलंबियाचं मासोर्का. सगळे शब्द भिंतीवर लावा, एकही खोडू नका. त्या मुलांकडून तोंडी दोन-तीन वाक्यं जास्त मागा आणि लिहायला लावा, कारण बोलता येणाऱ्या पण लिहिता न येणाऱ्या मुलांची संख्या मोठी असते. आणि तुमचा उच्चार त्यांच्या आईच्या उच्चारापेक्षा वेगळा असेल, तर आईचाही बरोबरच आहे हे वर्गासमोर म्हणा.

काही गोष्टी सरळ वगळा. सोम्ब्रेरो (रुंद काठाच्या मेक्सिकन टोप्या) आणि खोट्या मिशा. वीस देशांचे वीस झेंडे. सिंको दे मायो, म्हणजे ५ मे, हा मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन म्हणून साजरा करणं. तो १८६२ च्या पुएब्लाच्या लढाईचा दिवस आहे, स्वातंत्र्यदिन १६ सप्टेंबरला असतो. एका प्रकल्पात एकच प्रदेश घ्या आणि तिथल्या माणसांची नावं, त्यांचं काम, त्यांचं हवामान मुलांना कळू द्या.

मूल्यमापनाचं विचाराल तर पोस्टरला गुण देऊ नका. प्रत्येक मुलाला त्याच्या तक्त्यासमोर उभं करा, एक मिनिट द्या आणि तीन प्रश्न विचारा: काय दिसतंय, लांबी किंवा वजन किती, पुढे काय होईल असं वाटतं. या वयात, एवढ्या तासांत, मुलं आक्टफलच्या मोजपट्टीवर 'नॉव्हिस' पातळीवरच असतात, म्हणजे शब्द, घोटलेली वाक्यं आणि त्यांत थोडीफार अदलाबदल. ती अदलाबदल मूल स्वतःहून करतंय का, तेवढं बघा. 'ला ओरुगा कोमे अल्गोदोन्सियो' शिकलेलं मूल चार आठवड्यांनी जेवणाच्या सुट्टीत 'मि आमिगो कोमे पित्सा', माझा मित्र पिझ्झा खातो, असं म्हणालं, तर ते वाक्य त्याचं झालं. पालकांसाठी प्रदर्शन भरवायचं असेल तर तेही असंच ठेवा: प्रत्येक पालकाच्या हातात स्पॅनिशमधले तीन प्रश्न असलेली चिठ्ठी द्या, उत्तरं मुलांनी द्यायची.

वर्षाला दोन प्रकल्प भरपूर झाले. पहिल्या वर्षी मी तर एकच करा म्हणेन. शाळा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात उघडेल आणि तेव्हा मोनार्क तुमच्या भागातून जात असतील, म्हणून ऑगस्ट संपायच्या आत शाळेच्या आसपास मिल्कवीड कुठे आहे ते पाहून ठेवा. वर्गशिक्षिकेला भेटायला जाताना वाक्यांची यादी आणि रोजच्या मोजमापाचा रिकामा तक्ता, हे दोनच कागद बरोबर न्या. तक्त्यात वार स्पॅनिशमध्ये आधीच लिहिलेले असू द्या, म्हणजे मुलांना फक्त आकडा आणि 'सेंतीमेत्रोस' भरायचं राहील. यादी करून झाली की मला पाठवा. वाक्यं जास्त झाली असतील तर कोणती गाळायची ते मिळून ठरवू.